दंडातली धमनी आणि चिमूटभर गूळ

अण्णा करोनातून बरा होऊन घरी आला आणि सतराव्या दिवशी सकाळी दाढी करता करता गेला. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी लिहिलं. मी तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर पडलो होतो. मला चार दिवसांनी सांगितलं. अण्णा माझा थोरला भाऊ. मार्केट यार्डातलं आमचं गुळाचं दुकान आम्ही दोघांनी तीस वर्षं चालवलं, आणि तेवढ्या काळात आमचं कडाक्याचं भांडण एकदाच झालं, तेही पंखा कुठे लावायचा यावरून.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं यातूनच आलं. मी अकरा दिवसांनी घरी परतलो, शेजाऱ्यांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती की बरा झालेला माणूस सतराव्या दिवशी जातो. माझा सतरावा दिवस आला आणि गेला. मग मी सत्तरावा धरला. तोही गेला तेव्हा म्हटलं, वर्ष होऊ दे. भीतीला मुदतवाढ सहज मिळते.

माझ्यासारखी पुष्कळ माणसं असतील, जी कागदोपत्री बरी झालीत आणि जिना चढताना मनातल्या मनात नातेवाईकांचा निरोप घेतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात माझा एक मूर्खपणा आहे आणि एक लबाडी आहे. दोन्ही लपवून लिहिलं असतं तर मी जरा बरा दिसलो असतो, पण मग वाचणाऱ्याचा काही उपयोग झाला नसता.

जीभ

आजारात माझी चव गेली. पुष्कळांची गेली, पण गुळाच्या व्यापाऱ्याची चव जाणं म्हणजे सोनाराचे डोळे जाण्यासारखं आहे. गूळ नुसता बघून घेता येत नाही. पिवळाधमक दिसणारी ढेप खारट निघते, कारण ज्या रानातला ऊस ते रानच खारवट असतं. म्हणून चाकूच्या टोकानं ढेपेचा कोपरा काढायचा, जिभेवर ठेवायचा, टाळूला लावायचा, थोडं थांबायचं आणि मग गिळायचा. काही जण थुंकतात. आम्ही थुंकत नाही. शेतकऱ्याच्या देखत त्याचा माल थुंकू नये, हे आम्हाला वडिलांनी शिकवलं होतं.

आणि या प्रकाराला आम्ही खाणं म्हणत नाही, चव पाहणं म्हणतो. श्रावणी सोमवारी पाण्याचा थेंब न घेणारे आमचे वडील दुकानात वीस ढेपांची चव पाहून यायचे आणि संध्याकाळी देवासमोर हात जोडून कडक उपास घडल्याचं समाधान मानायचे. त्यात त्यांना किंवा आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

मी घरी आल्यापासून शैला, माझी बायको, रोज सकाळी वाटीत गुळाचा एक खडा ठेवायची. दीड महिना मला तो ओल्या मातीसारखा लागत होता. मी म्हणायचो, गाढवाला गुळाची चव काय. ती म्हणायची, गाढव निदान ओझं तरी वाहतं. मग एका सकाळी जिभेच्या कडेला कुठेतरी बारीक गोड लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं, तर तिनं डब्यातून आणखी एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

दुकानात तेव्हा आमची मुलगी रेवती बसत होती. चोवीस वर्षांची. अन्नशास्त्र शिकलेली, तीन वर्षं क्लास लावून जर्मन शिकलेली. तिला जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. मी हॉस्पिटलात होतो म्हणून तिनं तो एकदा पुढे ढकलला होता. तात्पुरतं म्हणून दुकानात बसली आणि दोन महिन्यांत हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे तिला मानायला लागले. आता विद्यापीठानं पुन्हा विचारलं होतं. एप्रिलपासून यायचं असेल तर जानेवारीअखेर नक्की कळवा, त्यानंतर जागा राहणार नाही.

जिन्यातला थांबा

आम्ही सहकारनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. आजारानंतर आठ महिने झाले तरी पहिल्या मजल्याच्या वळणावर माझी छाती आवळून यायची आणि ठोके कानात ऐकू यायचे. मी तिथे थांबून खिशातून मोबाइल काढायचो आणि महत्त्वाचा मेसेज आल्यासारखा चेहरा करायचो. पहिल्या मजल्यावरचे जोशी एकदा म्हणाले, "हल्ली तुम्हाला सगळे मेसेज आमच्याच दारात येतात." पुण्यात सहानुभूती अशीच मिळते, घेता आली पाहिजे.

ईसीजी झाला, छातीचा फोटो झाला, टू-डी एको झाला. सगळं ठीक होतं. ज्या डॉक्टरबाई मला तपासत होत्या त्या साठीच्या, बोलायला तुटक आणि हाताला मऊ. मी त्यांना अण्णाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या की रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नव्हे, तिला आतून जिवंत अस्तर असतं, आणि रक्ताची गरज वाढली की ते अस्तर नळीला सैल व्हायला सांगतं. करोना काही जणांच्या या अस्तराला धक्का लावून जातो. बऱ्याच जणांचं भरून येतं, काहींचं हळू येतं. तुमचं कसं आहे ते सोनोग्राफीनं पाहू. ही तपासणी सगळीकडे होत नाही, आमच्याकडे करोनातून उठलेल्यांची करतो आहोत.

मानेच्या धमन्या पाहायच्या होत्या आणि दंडाची. सोबत सूचनांचा एक कागद दिला. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही, सकाळचा व्यायाम नाही, साधं पाणी चालेल. रेवतीनं तो कागद फ्रिजवर लावला आणि शैलानं दोनदा वाचला. मीसुद्धा वाचला.

त्या रात्री जेवताना रेवती सहज म्हणाली, "रिपोर्ट बघते आणि मग त्यांना कळवते." आम्ही तिघंही ताटात बघत होतो. माझ्या दंडातली धमनी कशी वागते यावर तिचं जाणं ठरणार होतं.

तपासणीचा दिवस

संक्रांतीच्या आधीचा आठवडा. यार्डात गुळाला वर्षातली सगळ्यात जास्त मागणी. रेवती नंबर लावायला स्कूटरवरून आधीच हॉस्पिटलला गेली होती. मी रिक्षानं निघालो आणि लक्षात आलं की गोदामाची किल्ली माझ्याच खिशात आहे. वाट वाकडी करून यार्डात गेलो. किल्ली द्यायची आणि त्याच रिक्षानं पुढे जायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुकानासमोर पाच-सहा माणसं गोळा झाली होती. दौंडकडच्या एका शेतकऱ्याचा माल उतरला होता. घेणारा म्हणत होता खारट आहे, शेतकरी म्हणत होता आजवर कुणी असं बोललं नाही. आमचा नामदेव, हडपसरच्या पलीकडून येणारा जुना हमाल, मला बघून पुढे आला.

"शेठ, बरं झालं आलात. ह्यांचं काय मिटंना. दोगंबी म्हणत्यात, तुमी सांगाल ते खरं."

नऊ महिन्यांत मला कुणी हे म्हटलं नव्हतं. तब्येत विचारायचे, जपा म्हणायचे, खुर्ची पुढे सरकवायचे. जीभ कुणी मागितली नव्हती. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि चाकू हातात घेतला.

अकरा ढेपा होत्या. अकराही पाहिल्या, दोन-तीन पुन्हा पाहिल्या. चार खारवट होत्या, त्याही एका बाजूला रचलेल्या. शेतकरी आठवून म्हणाला की त्या विहिरीजवळच्या तुकड्यातल्या असतील. सात घेणाऱ्यानं घेतल्या, चार शेतकऱ्यानं वेगळ्या काढल्या, आणि दोघांनी मला नमस्कार केला. माझे डोळे भरून आले होते. रेवतीला फरक दाखवायचा म्हणून एक खारट आणि एक चांगला तुकडा रुमालात बांधून खिशात टाकला आणि रिक्षात बसलो. चांगली मूठभर चव पाहून झाली होती, पण मी उपाशी आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तपासणीच्या खोलीत तरुण डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का. नाही म्हटलं. चहा? नाही. पाण्याशिवाय काही नाही, असंही वर ठासून सांगितलं. हे मी खोटं बोललो नाही, शपथेवर सांगतो. मला ते आठवलंच नाही.

खोली थंडगार आणि अंधारी होती. समोर पाटी होती, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. अठ्ठावन्न वर्षांचा मी तिच्याखाली उताणा. आधी मानेला गार जेल लावून दोन्ही बाजू पाहिल्या. मग उजवा हात बाजूला पसरायला लावला, दंडावर यंत्र टेकवलं आणि कोपराच्या खाली बीपीचा असतो तसा पट्टा बांधून करकचून फुगवला. पाच मिनिटं हलायचं नाही. पहिल्या मिनिटाला काही वाटलं नाही, दुसऱ्याला पंजा जड झाला, तिसऱ्याला तो आपला नाहीच असं वाटायला लागलं. दुखण्यापेक्षा चमत्कारिक जास्त वाटतं. माझ्यासारखं घाबरून घड्याळ शोधू नका, पाचच मिनिटं असतात. मग पट्टा सैल करतात, रक्त गरम पाण्यासारखं हातात धावत येतं, आणि त्या क्षणी दंडातली धमनी किती रुंदावते ते पडद्यावर मोजतात.

डॉक्टरांनी मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग न बोलता पडद्याकडे बघत राहिले. आजारी माणसाला डॉक्टरांच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार कळतात.

अर्ध्या तासानं डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. मानेच्या धमन्यांचं अस्तर वयाच्या मानानं थोडं जाड आहे, अडथळा कुठे नाही. दंडाची धमनी मात्र उघडायला हवी होती, ती जवळजवळ जागची हलली नाही. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण दुर्लक्षही करू नका." गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मला अण्णाचा साबण लागलेला चेहरा दिसत होता. मी तो प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता, तरी दिसत होता.

आठ दिवस

घरी आल्यावर रेवतीनं चप्पल काढता काढता सांगितलं की ती जाणार नाही. आवाज अगदी साधा होता. महिनाअखेरीला त्यांना मेल करते म्हणाली. शैला कुकर लावायला गेली.

आणि मला बरं वाटलं. ही ती ओळ आहे जी लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. धमनी बिघडली म्हणून भीती होती, पण मुलगी घरात राहणार म्हणून त्या भीतीच्या पोटात सुख होतं.

दोन दिवसांनी सकाळी शैला मागच्या गॅलरीत कपडे भिजवत होती. "अहो, रुमालाला मुंग्या लागल्यात बघा," असं म्हणून तिनं रुमाल झटकला आणि बादलीत टाकला. गुळाचे दोन तुकडे खाली पडले. मी दारातच उभा होतो. अकरा ढेपा, चाकू, नामदेव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि फ्रिजवरचा कागद आठवला. उपाशीपोटी करायच्या तपासणीला मी मूठभर गूळ गिळून गेलो होतो.

तेव्हाच फोन उचलायला हवा होता. तसं न करता मी आंघोळीला गेलो. आंघोळ करताना स्वतःला समजावलं की एवढ्याशा गुळानं काय होणार. दुपारी समजावलं की तीन महिन्यांनी तपासणी आहेच. संध्याकाळी समजावायचीही गरज उरली नाही. पहिल्या गोष्टीला मी मूर्खपणा म्हणतो, ही दुसरी लबाडी.

ते दिवस फार छान गेले, हे त्यातलं सगळ्यात वाईट. रेवती रोज सकाळी मला तळजाईच्या टेकडीवर चालायला न्यायची, माझ्या पावलाला पाऊल लावून. दुकानात मी तिला खारवट गूळ ओळखायला शिकवत होतो. ती दुसऱ्याच दिवशी ओळखायला लागली. माझ्या वडिलांची जीभ तिच्यात उतरली होती आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. घरी मात्र शैलाचं आणि माझं मिठावरून, पंख्यावरून, कशावरूनही वाजत होतं. ती माझ्याकडे सरळ बघत नव्हती. मला वाटलं, काळजीनं असेल.

आठव्या दिवशी रेवतीनं जर्मनची सगळी पुस्तकं आणि वह्या काढल्या आणि सुतळीनं बांधल्या. क्लासमधल्या एका मुलीला देणार होती. गाठ मारताना तिनं वरच्या वहीवर नुसता हात फिरवला. तिला वाटलं, मी पेपर वाचतोय.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. शैला पोळ्या करत होती.

"तो रिपोर्ट खरा नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी मी गूळ खाल्ला होता."

तिनं पोळी उलटली. "माहितीये मला."

"कधीपासून?"

"रुमाल मीच धुतला ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मग तिनं गॅस बंद केला आणि लाटणं हातात धरूनच रडली. म्हणाली, घरातलं एक माणूस गेलंय, दुसरं मी आपल्या हातानं कसं पाठवू. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकाच वेळी एकच चूक इतक्या एकमतानं कधी केली नव्हती. मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि आम्ही दोघं बाहेर गेलो.

रेवतीला मीच सांगितलं. तिनं पहिला प्रश्न अन्नशास्त्रातला विचारला, गिळलात की थुंकलात. गिळला म्हटलं. किती ढेपा? अकरा. रुमाल कधी सापडला? तेही सांगितलं. तिनं मनाशी दिवस मोजले असावेत.

"बाबा, रिपोर्ट आल्यापासून मी रोज पहाटे तुमच्या दाराशी येऊन उभी राहते," ती म्हणाली. "तुमचा श्वास ऐकू आला की परत जाऊन झोपते. आणि तुम्हाला माहीत होतं."

ती दिवसभर आमच्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

पुन्हा तोच पट्टा

डॉक्टरबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की साखरेनं निकाल बिघडू शकतो, किती बिघडला ते सांगता येणार नाही, कदाचित फारसा नसेलही. पण ती तपासणी धरता येणार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा या. "आणि या वेळी जीभ घरी ठेवून या."

जाता जाता इथेच सांगून टाकतो. तुम्हाला अशी तपासणी सांगितली असेल तर सूचनांचा कागद आपल्या धंद्याच्या डोळ्यांनी वाचू नका. हॉटेलवाल्याला चाखणं खाणं वाटत नाही, तपकीर ओढणाऱ्याला तपकीर तंबाखू वाटत नाही, आणि शिक्षकाला तीन मजले चढणं व्यायाम वाटत नाही. तोंडात काय काय गेलं ते सगळं डॉक्टरांना सांगा, ठरवू दे त्यांना. आणि चुकलात तर त्याच दिवशी कबूल करा. ते फक्त हसतात किंवा रागावतात, पुन्हा तपासतात.

सोमवारी मी यार्डाच्या बाजूला फिरकलोही नाही. शैला बाहेर बाकावर बसली. रेवतीला आत येऊ दिलं. पाटी तीच, जेल तितकंच गार. पट्टा फुगवल्यावर रेवती माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. रुसवा पुरता गेला नव्हता, पण हात तिनं धरला होता. पाच मिनिटं आम्ही दोघं पडद्यावरच्या दोन पांढुरक्या रेषांकडे बघत होतो. मधे काळी पट्टी, ती माझी धमनी. पट्टा सैल झाला, हातात रक्त धावलं, आणि काही वेळानं त्या दोन रेषा एकमेकींपासून थोड्या दूर सरकल्या. मला नीट कळलं नसतं, रेवतीनं हात दाबला म्हणून कळलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मागच्यापेक्षा बरं आहे. पण जितकी उघडायला हवी तितकी अजून उघडत नाही. चालणं, गोळ्या, सहा महिन्यांनी परत. मला वाटलं होतं, एकतर पास तरी होईन नाहीतर नापास. हा असा मधलाच निकाल घेऊन काय करायचं ते कुणालाच कळेना. रेवतीनं त्यांना सरळ विचारलं की मी परदेशी जाऊ की नको.

"ते सोनोग्राफीत दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. मी म्हणालो, "जा."

"आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट वाईट आला तर?" रेवतीनं विचारलं. "मला कधी कळेल?"

"त्याच दिवशी."

"आई, तू?"

शैला म्हणाली, "त्याच दिवशी. हे विसरले तर मी सांगेन."

मेल तिनं त्या बाकावरूनच पाठवला. हो म्हणून.

अजून चालू आहे

ती मार्चअखेरीस गेली. मी अजून तळजाईवर जातो, आता एकटा, आणि वळणावरच्या जोशींच्या दारात न थांबता वर येतो. रोज नाही, पण बहुतेक दिवस. यार्डात चव पाहतो, हल्ली एखाददुसरीच, तीही तपासणीच्या दिवशी नाही. सतराव्या दिवसाचा हिशेब मात्र मनातून पुरता गेलेला नाही. आता त्याच्याशी बोलता येतं, एवढं झालंय.

सहा महिन्यांनंतरची तपासणी गेल्या महिन्यात झाली. दंडाची धमनी पहिल्यापेक्षा बरी आहे, पण दुसऱ्या वेळेपेक्षा थोडी खाली. मानेत डाव्या बाजूला एक छोटासा जाड ठिपका दिसला, तो आधी नव्हता. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली आणि लक्ष ठेवू म्हणाल्या. शैला माझ्या शेजारी बसली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सांगितलं नाही तर रेवतीला कसं कळणार होतं, हे दोघांच्याही मनात आलं, मी खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलच्या आवारातूनच फोन लावला. आपल्याकडे दुपार होती, तिथे सकाळ. ती बसची वाट बघत उभी होती. मी ठिपक्यासकट सगळं सांगितलं, काही कमी केलं नाही. तिनं दोन-तीन प्रश्न विचारले, गोळीचं नाव लिहून घेतलं. मग तिकडून नुसती गाड्यांची येजा ऐकू येत होती.

"येऊ का, बाबा?" तिनं विचारलं.

"तू यावंस असं वाटतंय," मी म्हणालो. "पण येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिची बस आलेली आणि गेलेली मला ऐकू आली. फोन तिनं ठेवला नव्हता.